सैल मांड्यांची शस्त्रक्रिया : आधी हे समजून घ्या

"पोटाची लोंबणारी कातडी काढतात म्हणे, मग मांड्यांचीही काढतात का हो?" हा प्रश्न माझ्या दवाखान्यात बहुधा सर्वांत शेवटी येतो. आधी गुडघेदुखीचे बोलणे होते, रक्तदाब मोजून होतो, औषधांची चिठ्ठी हातात पडते. मग दारापर्यंत गेलेली भगिनी परत वळते, सोबतच्या माणसाला बाहेर बसायला सांगते आणि आवाज खाली आणून विचारते. पुरुषही विचारतात, पण ते बहुतेक वेळा एखाद्या मित्राचे नाव पुढे करतात.

पूर्वी असा प्रश्न वर्षातून एखादा यायचा. आता वरचेवर येतो. लठ्ठपणावरच्या जठराच्या शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत बऱ्याच वर्षांपासून होत आहेत. त्यात २०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपॅटाइड आणि जूनमध्ये वजन कमी करण्यासाठीचे सेमाग्लुटाइड ही आठवड्याची इंजेक्शने आपल्या देशात बाजारात आली. शिवाय चालून, आहार सांभाळून वीस-पंचवीस किलो उतरवणारे जिद्दी लोकही आहेतच. वजन उतरले, मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या, सगळे कौतुक करतात. पण कातडी मागे राहते. गादीतला निम्मा कापूस काढला म्हणून खोळ काही लहान होत नाही, तसेच हे आहे.

कातडीत ताणल्यावर परत जागेवर येणारे तंतू असतात. तरुणपणी, थोड्या काळाचा ताण असेल तर ते परत येतात. वर्षानुवर्षे ताणलेली कातडी, वाढते वय, आनुवंशिकता आणि तंबाखू यांमुळे त्यांची ती ताकद जाते. मांडीच्या आतल्या बाजूची कातडी मुळातच पातळ असल्याने तिथे घड्या पडतात. या घड्यांना तेल चोळून, लेप लावून किंवा पट्टे बांधून काही उपयोग होत नाही. व्यायामाने आतला स्नायू भरतो आणि तो जरूर करावा, पण त्याने जादा कातडी नाहीशी होत नाही.

हा केवळ दिसण्याचा हट्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी उन्हाळ्यात अशा रुग्णाच्या जांघा पाहाव्यात. चालताना मांड्या एकमेकींवर घासून सोलवटतात, घाम साचतो, दुर्गंधी येते, नायटा होतो. मग औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणले जाते. दोन दिवस बरे वाटते, नंतर नायटा दुप्पट पसरतो, आणि त्या मलमाने कातडी आणखी पातळ होऊन तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात. (असली मलमे चिठ्ठीशिवाय आणू नका, हे मी या सदरात कितव्यांदा लिहिते आहे कोण जाणे!) उलट, केवळ मांड्या जाड दिसतात म्हणून, वजन तसेच ठेवून ही शस्त्रक्रिया मागणारेही भेटतात. त्यांना मी स्पष्ट सांगते की हे तुमच्यासाठी नाही.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

इंग्रजीतले नाव 'थाय लिफ्ट', म्हणजे मांडीची कातडी वर ओढून घेणे. ही प्लास्टिक सर्जरीची शाखा आहे, पण येथे कोणीही शरीरात प्लास्टिक बसवत नाही. 'प्लास्टिक' हा शब्द ग्रीक भाषेतला असून त्याचा अर्थ आकार देणे असा आहे. या विद्येशी आपल्या मुलखाचे जुने नाते आहे. कापलेले नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवण्याची पुण्याकडची पद्धत १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, आणि तिथून युरोपातल्या शल्यचिकित्सकांनी ती उचलली.

मांडीच्या शस्त्रक्रियेचे तीन मुख्य प्रकार आहेत. कातडी फक्त वरच्या तिसऱ्या भागात सैल असेल तर जांघेच्या घडीत चंद्रकोरीसारखा छेद घेऊन जादा कातडी काढतात व उरलेली वर ओढून शिवतात. वजन खूप उतरलेल्यांमध्ये सैलपणा गुडघ्यापर्यंत असतो. तिथे जांघेपासून गुडघ्याच्या दिशेने मांडीच्या आतल्या बाजूने उभा छेद लागतो. बाहेरची बाजू आणि कुल्लेही ओघळले असतील तर कंबरेभोवती छेद घेऊन सगळेच वर उचलतात, पण ती बरीच मोठी शस्त्रक्रिया आहे. जोडीला नळीने चरबी ओढून काढणे, म्हणजे लायपोसक्शन, अनेकदा केले जाते. मात्र नुसते लायपोसक्शन ज्यांची कातडी अजून घट्ट आहे त्यांच्यासाठीच आहे. सैल कातडीखालची चरबी काढली तर ती आणखी लोंबते.

जांघेतले टाके टिकवणे ही या शस्त्रक्रियेतली जुनी डोकेदुखी. पूर्वी कातडी नुसती कातडीला शिवत. मांडीचे वजन खाली ओढत राही. मग काही महिन्यांत व्रण घडीतून खाली सरकून मांडीवर दिसू लागे, आणि स्त्रियांमध्ये बाह्य जननेंद्रियाची ठेवणही ओढली जाई. १९८८ साली टेड लॉकवुड या अमेरिकन शल्यचिकित्सकाने मांडीचा आतला थर जांघेजवळच्या 'कॉलिस फॅशिया' नावाच्या चिवट पडद्याला घट्ट अडकवण्याची रीत मांडली. त्यामुळे ओढ कातडीवर न येता त्या पडद्यावर येते. आजही हेच तत्त्व वापरतात. तरीही वर सांगितलेली तक्रार अगदी संपलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल सर्जनला संकोच न करता विचारावे.

एक गोष्ट ठळकपणे लक्षात घ्या. ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया नव्हे. हा एक सौदा आहे. सैल कातडी द्यायची आणि तिच्या बदल्यात कायमचा व्रण घ्यायचा. उभा छेद असेल तर हा व्रण वीतभर नव्हे, चांगला हातभर होतो, तोही दोन्ही मांड्यांवर. ज्या बाईला कातडी घासण्याचा रोजचा त्रास आहे तिला हा सौदा सहसा परवडतो. ज्या मुलीला लग्नाआधी 'मांड्या छान दिसाव्यात' एवढेच हवे आहे तिला तो परवडेल याची मला खात्री वाटत नाही.

कोणी घाई करू नये?

वजन किमान सहा महिने एका जागी स्थिर असावे. जठराची शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण एक ते दीड वर्ष थांबावे. इंजेक्शन घेऊन वजन उतरवले असेल आणि ते अजून उतरत असेल, तरीही थांबावे. आज कातडी घट्ट केली आणि उद्या आणखी दहा किलो गेले तर पुन्हा तीच सैल. पुन्हा वजन वाढले तर शिवलेली कातडी परत ताणते. पुढे मूल हवे असेल तर बाळंतपणानंतरच हा विचार करावा.

झपाट्याने वजन उतरलेल्यांचे रक्त तपासले की अनेकदा हिमोग्लोबिन कमी, लोह कमी, बी-१२ कमी आढळते, आणि जेवणात प्रथिने तर नसतातच. जखम भरून यायला शरीराला प्रथिने लागतात. डाळ, उसळ, दूध, दही, अंडी, चालत असल्यास मासे, हे आधीचे दोन-तीन महिने नेमाने पोटात गेले पाहिजे. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणावी, त्याला पर्याय नाही.

आता मिश्रीबद्दल. सर्जन विचारतो, "स्मोकिंग करता का?" आपल्या बायका प्रामाणिकपणे नाही म्हणतात. मिश्री लावणे हे तंबाखूत मोडते हे त्यांच्या मनातच येत नाही, आणि सासूसमोर किंवा सुनेसमोर तर मुळीच कबूल करवत नाही. पण मिश्री, गुटखा, मळलेली तंबाखू आणि सिगारेट या सगळ्यांतल्या निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ताणून शिवलेल्या कातडीच्या कडेला आधीच रक्त जेमतेम पोहोचत असते. त्यात निकोटिनची भर पडली की कड काळी पडते आणि टाके उसवतात. आधी किमान चार आठवडे आणि नंतरही किमान तेवढेच दिवस तंबाखू पूर्ण बंद पाहिजे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी शस्त्रक्रिया करू नये.

पायात पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असणे, ठळक फुगलेल्या नीला, पायावर कायमची सूज, यांतले काही असेल तर आधी सांगावे. आपल्या पूर्व विदर्भात हत्तीरोग आहे. त्या भागातल्या रुग्णांनी पूर्वी कधी पाय सुजून ताप येत असे का, हे आठवून सांगावे. जांघेतून पायाच्या लसिकावाहिन्या जातात. त्या आधीच अधू असतील तर या शस्त्रक्रियेने पायाची सूज कायमची मागे लागू शकते. काही स्त्रियांना लिपेडेमा नावाचा वेगळाच आजार असतो. कंबरेखाली दोन्ही पाय सारखेच जाड, पावले मात्र बारीक, दाबले की दुखते, जरा लागले की निळे पडते. त्यांना लोक उगाच खादाड ठरवतात. त्यांचे निदान आणि उपचार वेगळे आहेत.

आपण घेत असलेले प्रत्येक औषध कागदावर लिहून न्या. अॅस्पिरिन, गर्भनिरोधक गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या, काढे, चूर्णे, सगळे. मनाने काही बंद करू नका, बंद करायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. वजनाची इंजेक्शने चालू असतील तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. या औषधांनी जठर सावकाश रिकामे होते. रात्रीपासून उपाशी असूनही पोटात अन्न राहू शकते आणि भूल देताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

रुग्णालयात

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन किंवा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कंबरेखालचा भाग बधिर करून होते. साधारण दोन ते तीन तास लागतात, जोडीला आणखी काही करायचे असेल तर अधिक. आधी रुग्णाला उभे करून पेनने खुणा केल्या जातात. आडवे झाल्यावर कातडी कुठल्या कुठे सरकते, म्हणून हे उभ्यानेच करावे लागते. अनेकींना हाच भाग सर्वांत लाजिरवाणा वाटतो. परिचारिका सोबत असावी असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

शुद्धीवर आल्यावर मांड्यांवर घट्ट पट्ट्या किंवा प्रेशर गारमेंट, कदाचित दोन्ही बाजूंना साचलेले रक्तपाणी बाहेर काढणाऱ्या बारीक नळ्या, आणि एखादा दिवस लघवीची नळी असते. दुखते, पण गोळ्यांनी आवरण्याइतके. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून चालवतात. "एवढे कापलेय आणि चालवतात कसले!" म्हणून नातेवाईक रागावतात. त्यांनी रागावू नये. पडून राहिल्याने पोटरीत गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. एक-दोन दिवसांत बहुतेकांना घरी सोडतात.

घरी आल्यावर

खरी परीक्षा इथे आहे, आणि शहरातल्या चकचकीत माहितीपत्रकात नेमके हेच नसते. जखम कुठे आहे पाहा. जांघेत घाम येतो, घर्षण होते, लघवी-शौचाची जागा शेजारी आहे, आणि प्रत्येक पावलागणिक तिथे ओढ बसते. शरीरावर टाके घालायला याहून गैरसोयीची जागा क्वचितच असेल.

म्हणून पहिली तयारी संडासाची. उकिडवे बसल्यावर नेमका टाक्यांवर ताण येतो. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर मधोमध भोक असलेली कमोड-खुर्ची आणून ठेवा, ती भाड्यानेही मिळते. मांडी घालून बसणे, पाटावर जेवायला बसणे, वाकून केर काढणे, उकिडवे बसून धुणे-भांडी करणे, हे सारे साधारण सहा आठवडे बंद. जिना दिवसातून एक-दोनदा, सावकाश, पाऊल पसरट न टाकता. स्कूटरवर एका बाजूला बसणेही नको आणि दोन्हीकडे पाय टाकून तर नकोच. शहरातून घरी येताना चारचाकी घ्या आणि लांबचा प्रवास असेल तर दर तासाला थांबून चार पावले चाला.

शौचाला गेल्यावर पुढून मागे धुवावे आणि मऊ स्वच्छ कापडाने टिपून कोरडे करावे, चोळू नये. पाळीच्या तारखा पाहून शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला तर सोयीचे जाते. प्रेशर गारमेंट चार ते सहा आठवडे, सांगतील तसे दिवसरात्र वापरावे. ते दोन घ्यावेत, एक धुवायला एक अंगावर. घरात सैल गाऊन बरा. परकराचा काठ जखमेवर घासतो. मार्च ते मे या महिन्यांत ही शस्त्रक्रिया करून घेऊ नका असे मी माझ्यापुरते सांगते. पुस्तकात तसे लिहिलेले नाही, पण आपल्याकडचा उन्हाळा पुस्तक लिहिणाऱ्यांनी पाहिलेला नाही.

नळ्यांतून येणारे पाणी रोज मोजून वहीत लिहायचे असते. ते पुरेसे कमी झाले की नळ्या काढतात. आतले टाके विरघळणारे असतात, बाहेरचे असल्यास दोन आठवड्यांच्या आसपास निघतात. बैठे काम दोन-तीन आठवड्यांनी, शेतातले किंवा उभ्याचे कष्टाचे काम सहा आठवड्यांनंतर. शरीरसंबंधही साधारण सहा आठवडे नकोत. सासरच्या मंडळींना हे सगळे आधीच सांगून ठेवलेले बरे. "हौसेचे ऑपरेशन केले, आता घर आम्ही बघायचे का?" हा टोमणा जखमेपेक्षा जास्त झोंबतो, आणि त्या टोमण्याने तिसऱ्या आठवड्यात ओट्याशी उभ्या राहिलेल्या बायकांचे उसवलेले टाके माझ्याकडे मलमपट्टीला येतात.

टाके थोडेसे उसवणे ही या शस्त्रक्रियेतली नेहमीची तक्रार आहे. वजन खूप उतरलेल्या रुग्णांच्या काही मोठ्या अहवालांत निम्म्याहून अधिक जणांना लहानमोठी काही ना काही अडचण आलेली दिसते. जखमेचा कोपरा उघडणे, कातडीखाली पाणी साचणे, जंतुसंसर्ग, ही त्यांतली मुख्य. बहुतेक वेळा मलमपट्टी, सुईने पाणी काढणे आणि औषधे यांनी भागते, पण आठवडे वाढतात. काहींना मांडीच्या आत बधिरपणा राहतो. तो हळूहळू कमी होतो, एखाद्याचा राहतोही. दोन्ही मांड्या अगदी तंतोतंत सारख्या होतील अशी अपेक्षा ठेवू नये. सूज उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात, तर व्रण आधी लाल-काळा होऊन फिका पडायला वर्ष-दीड वर्ष. आपल्या सावळ्या कातडीवर तो बराच काळ गडद राहतो. कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी ज्यांना गाठीसारखा फुगीर व्रण आला असेल त्यांनी ती जागा सर्जनला मुद्दाम दाखवावी.

सर्जन आणि खर्च

एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी ही पदवी पाहावी आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. ब्युटी क्लिनिकच्या पाटीवरचा 'कॉस्मेटिक तज्ज्ञ' हा शब्द म्हणजे पदवी नव्हे. अशा किती शस्त्रक्रिया केल्या, भूलतज्ज्ञ कोण असतील, रात्री-अपरात्री अडचण आली तर कोण पाहील, हे विचारावे. इतर रुग्णांच्या आधीच्या-नंतरच्या छायाचित्रांत व्रण दिसतो का तेही पाहावे. व्रण झाकलेली छायाचित्रे मला आवडत नाहीत. हे प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर चिडेल त्याच्याकडे जाऊ नये.

खर्च लाखांच्या घरात जातो. सर्जन, भूल, शस्त्रक्रियागृह, खोली, औषधे, गारमेंट, पुढच्या मलमपट्ट्या, सगळ्याचा लेखी आकडा घ्या. पुन्हा दुरुस्ती करावी लागली तर कोणाचा खर्च, हेही लिहून घ्या. आरोग्यसेवेला जीएसटीची जी सूट आहे ती सौंदर्यशस्त्रक्रियेला नाही. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत अपघात, भाजणे, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज सोडून कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असते. घड्यांत वारंवार जखमा होत असतील तर त्यांच्या तपासणीचे कागद, चिठ्ठ्या आणि छायाचित्रे जपून ठेवावीत व विमा कंपनीला आधीच लेखी विचारावे. मंजुरी मिळेलच असे नाही. यासाठी दागिने गहाण टाकू नयेत असे माझे मत आहे, मग कोणी मला जुन्या वळणाची म्हटले तरी चालेल.

डिस्चार्ज कार्ड घरी आल्याबरोबर आपल्या जवळच्या डॉक्टरांना दाखवून ठेवा, म्हणजे अडचण आली तर त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ताप चढणे, जखमेतून पू किंवा दुर्गंधी येणे, एकच मांडी एकाएकी फुगून घट्ट होणे, अशा वेळी त्याच दिवशी सर्जनला कळवावे. एकच पोटरी सुजून दुखू लागली तर तिला चोळू नका, शेक देऊ नका, लगेच दाखवा. आणि दम लागला, छातीत दुखले किंवा चक्कर येऊन पडायला झाले, तर शहरातल्या डॉक्टरांना फोन लागण्याची वाट पाहत बसू नका. १०८ वर फोन करा, जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा आणि गेल्याबरोबर पहिले वाक्य हेच सांगा की इतक्या दिवसांपूर्वी मांडीची शस्त्रक्रिया झालेली आहे.